टेबलावरची नणंद

२ मार्च
वन्सं येत नाहीत. त्यांच्याऐवजी खोकं आलं. खोक्यात पडदा. चष्मा-बिष्मा न लावता माणूस अख्खा दिसतो म्हणे, नाक पुढे आलेला! बसवायला आलेल्या पोरीने सासूबाईंच्या पलंगाशी टेबल ओढलं, बटण दाबलं आणि वन्सं छातीपर्यंत टेबलावर उगवल्या. मी मागेच सरकले. वाटलं, आता यांचं नाक माझ्या चहात बुडतंय.

"आता मी समोरच आहे ना वहिनी. विमानाने यायची काय गरज?"

गरज! माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत. वन्सं महिनाभर त्यांच्या आईला बघणार, मी लेकीकडे जाणार, असं ठरलं होतं. बॅग भरून ठेवलीय.

५ मार्च
वन्सं सकाळ-संध्याकाळ हजर. उशी उंच करा, खिडकी लावा, वहिनी मधे येऊ नका चित्र फाटतं. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, टेबलावरून आता बघतेय. एवढ्या बाहेर आल्यात तर हात पुढे करून बेडपॅन तरी धरा म्हणावं!

सासूबाईंचं रोज तेच — अगदी पुढ्यात बसल्यासारखी दिसतेस गं. झालं! वन्सं फुलतात. मी इथे आणखी घट्ट अडकते.

६ मार्च
नवऱ्याला म्हटलं, तुम्ही बघा तुमच्या आईला. म्हणे मला ते जमत नाही. जेवला, झोपला.

९ मार्च
लेकीचा फोन. पाय सुजलेत. कधी येतेस विचारत होती. बघते म्हटलं. काय बघते? भिंत!

११ मार्च
वन्संना पडद्यात दोन नाकं आली. जरा बरं वाटलं. तीच पोरगी दुरुस्तीला आली. म्हणाली, काकू, हा डाव्या डोळ्याला एक चित्र दाखवतो, उजव्याला दुसरं, म्हणून माणूस भरीव दिसतो. एक डोळा झाकून बघा. झाकला. वन्संचा फोटो झाला — भिंतीवर टांगतात तसा.

पोरगी गेली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासूबाईंचा डावा डोळा कधीच गेलाय! पोटच्या लेकीला तेवढंही आठवलं नाही.

दार लावून विचारलं, पुढ्यात बसल्यासारखी कशी हो आई? तुम्हाला तर ती सपाटच दिसत असणार.

त्या भिंतीकडे तोंड करून —

"ती आली असती तर तू गेली असतीस."

तरातरा स्वयंपाकघरात गेले. घासलेला कुकर परत घासला. नुसता राग आला असता तर बरं झालं असतं.

१२ मार्च
सकाळी वन्सं उगवल्या. मी उशीचा अभ्रा बदलत होते. सासूबाई म्हणाल्या, "मला तू फोटोसारखी दिसतेस. पहिल्यापासून. तिकीट काढ."



मग सासूबाईंनी मला हळूच विचारलं, परत येशील ना?

हो म्हटलं. त्या एका डोळ्याने बघत राहिल्या. खरं बोलले का, माझं मलाच माहीत नाही.