गॅस कोणाच्या नावावर

३ फेब्रुवारी, मंगळवार

गॅसवरून आज पुन्हा वाद. भाडेकरू म्हणतेय खर्च मी करते आणि घरमालकीण म्हणतेय नको — असा उफराटा प्रकार जन्मात पाहिला नव्हता!

गल्लीत पाइपचा गॅस आलाय. मी काकूंना म्हटलं, मीटर बसवून घेते, खर्च माझा. तर म्हणाल्या, बसवायचाच असेल तर मी बसवीन, माझ्या नावावर. तू पैसुद्धा द्यायची नाहीस.

वीज त्यांच्या नावावर, पाणी त्यांच्या नावावर, इंटरनेटही. दारावर पाटी लावू देत नाहीत. ताई फोनवर म्हणाली, आयतं मिळतंय तर गप्प बस की. पण आयतं मला नको. लग्नानंतर सगळं आयतंच होतं — आणि गरम पाण्याचं बटण दाबायचं तर विचारून. तो संध्याकाळी आला की आधी मीटर बघायचा, मग माझ्याकडे.

त्याच्याबद्दल इथे लिहायचं नाही, ठरलंय.

७ फेब्रुवारी, शनिवार

भिंतीत पाणी वाहत होतं. माझे सगळे नळ बंद. काकू बाजारात, त्यांच्या अर्ध्या घराला कुलूप. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावला, तसं पाणी थांबलं. पलीकडूनही कुणी कान लावला असावा, असं वाटलं.

८ फेब्रुवारी, रविवार

काकूंना विचारलं. जुने पाइप, हवा अडकते म्हणाल्या. भाजी निवडत होत्या. मान वर केली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज घरीच होते. दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांचे साचे घासून घासून मनगट धरलंय, साहेबांनी स्वतःच सुट्टी दिली.

दुपारी त्याच भिंतीवर हात टेकला. कोमट होती. उन्हाने नव्हे, तिथे ऊन येतच नाही. आणि कांदा परतल्याचा वास. काकू तर समोर अंगणात कपडे वाळत घालत होत्या. तेवढ्यात भिंतीत कुणीतरी शिंकलं. बाईमाणूस.

काकूंनी लगेच बादली आपटली. मग पुन्हा एकदा, उगाच.

१६ फेब्रुवारी, सोमवार

गॅसचा अर्ज केला. काकूंना न सांगता, माझ्या नावाने. नवा फोन नंबर लिहिला, ओळखपत्र दिलं. कंपनीला तेवढं पुरलं. बाहेर पडताना उगाच ताठ चालत होते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काकू दवाखान्यात गेल्यावर गॅसवाला आला. बोलका माणूस. भोक पाडायला भिंत ठोकून पाहिली, तर एका जागी आवाज पोकळ आला. म्हणाला, इथे पूर्वी खोली असणार.

मग स्वतःहूनच सांगू लागला. आधी तो इंटरनेटच्या तारा ओढायचा. माझ्याआधी इथे राहणाऱ्या बाईनेही काकूंशी भांडून स्वतःच्या नावावर कनेक्शन घेतलं होतं. तार त्यानेच ओढली. महिन्याभरात बाई नाहीशी! सामान जागच्या जागी, चपला दारात. "चपला न घालता माणूस कुठे जातं हो, मॅडम?" आणि काकूंनी म्हणे शोधाशोधच केली नाही.

काकू परत आल्या. मीटर पाहिला आणि पायरीवरच बसल्या.

"नाव कुणाचं लावलंस?"

"माझं."

"मग आता तुझे इथले दिवस थोडे राहिले," एवढंच म्हणाल्या. रागाने नाही. डॉक्टर सांगतात तसं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दाराला आतून टेबल लावलंय. दुसरी खोली शोधायला सुरुवात केली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

गॅसवाल्याचा फोन आला. खुशीत होता. म्हणाला, तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता. कनेक्शनचा मेसेज त्यांच्या नंबरवर गेला ना, पत्ता अर्धवट होता. मी नीट समजावून दिला, अगदी खुणेसकट.

माझ्या ओळखपत्राला त्याचाच नंबर जोडलेला. माझ्या लक्षातच आलं नाही.

पोलिसांत जावं तर त्याचा सख्खा भाऊ पोलिसात. मागच्या वेळी त्यानेच मला गाडीत बसवून घरी पोचवलं होतं. ताईकडे जावं तर तो आधी तिथेच जाईल. कुठे जाऊ? शेवटी काकूंचं दार वाजवलं. ज्यांच्या भीतीने टेबल लावलं होतं, त्यांच्याच. सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "नाव लागलं की माग लागतो. म्हणून मी भरते गं," म्हणाल्या.

मग त्यांनी कपाटातल्या गोधड्या काढल्या, मागची फळी सरकवली. आत खोली. शेगडी, मोरी, एक खाट. खाटेवर माझ्याच वयाची बाई बसलेली, रंग कागदासारखा पांढरा.

ती सरकून बसली. खाटेवर माझ्यापुरती जागा केली.

२ मार्च, सोमवार

तो आला. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून डबे उघडून पाहत होता. झाकणांचा आवाज ओळखला. काकू म्हणाल्या, ती तर गेली, न सांगता. तो अगदी नम्रपणे "बरं, आई" म्हणाला.

या बाईला तिचा भाऊ शोधतोय. अजून दर महिन्याला चौकशी करून जातो. मी कुजबुजत विचारलं, भीती वाटत नाही? म्हणाली, "आधी वाटायची. मग शिंक दाबायची सवय होते, तशी तीही होते."

५ मार्च, गुरुवार

तो पुन्हा आला. काकूंना सांगत होता, गॅस माझ्या बायकोच्या नावावर आहे, म्हणजे घर आमच्याकडे भाड्याने आहे. ती येईपर्यंत मी थांबतो. भाऊ सोबत होता, गणवेशात. कंपनीचं बिलही त्याने दाखवलं. भाऊ म्हणाला, ह्यात बेकायदा काही नाही.

काकूंनी बादली आपटली.

८ मार्च, रविवार

आज त्याचं सामान आलं.