एफीची रांग

ये. म. जो.
पोर्ट मोराग, केप ब्रेटन
मंगळवार, ३० नोव्हेंबर १९७६

प्रिय सेडी हिस,
अ. उ. आ.

कागदाच्या माथ्यावर येशू, मरिया, जोसेफ यांची अक्षरं बघून तू नाक मुरडशील. खुशाल मुरड. आईनं लावलेली सवय आहे, ती आता माझ्याबरोबरच जाईल.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. तुझ्या रोरीदादानं मोजे लगेच पायात चढवले आणि बॉस्टनची लोकर टोचते म्हणून कुरकुरला. काढले मात्र नाहीत.

आता खरी बातमी. परवाच्या रविवारी, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या मिस्सेला, देवळात मी वेदीपाशी उभी राहून लोकांना पवित्र भाकर द्यायची होती. द्यायची होती असं लिहिते, कारण कुणी घेतलीच नाही.

आमचे नवे फादर लेओ शेटिकॅम्पकडचे, फ्रेंच, जेमतेम तिशीचे. दोन गावांची देवळं सांभाळताना त्यांची दमछाक होते. बिशपांनी आता साध्या माणसांनाही भाकर वाटायची परवानगी दिली आहे म्हणे, बायकांनासुद्धा. मीच का, असं मी विचारलं, तर म्हणाले की वेदी-मंडळातल्या बायकांमध्ये मला सल्ला न देणाऱ्या तुम्ही एकट्याच.

ते उजवीकडे उभे राहिले, मी डावीकडे. हातात सोनेरी वाडगा, अंगात आईचा निळा कोट. सगळं देऊळ उठलं आणि उजवीकडे वळलं. डावीकडच्या बाकांवरचेसुद्धा. आपला रोरी पहिल्या बाकावर, माझ्यापासून चार पावलांवर. तो उठला, माझ्या पुढून बूट करकरवत गेला आणि फ्रेंच फादरांपुढे तोंड उघडून उभा राहिला. मी संत जोसेफच्या पुतळ्याकडे बघत राहिले. बघायचं तरी कुठे?

नंतर हॉलमध्ये चहा होता. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, फक्त माझ्या ओटच्या बिस्किटांची अशी तारीफ केली की मी यायच्या आधी काय बोलणं चाललं होतं ते मला कळलं.

घरी रोरीला छेडलं. तर म्हणतो, शनिवारी माझे मासे साफ करणाऱ्या हातांनी रविवारी माझ्या तोंडात देव घालायचा नाही. मी म्हटलं, संत पीटर मासे धरायचा की अत्तर विकायचा? तो टोपी घालून गोठ्यात निघून गेला.

झोप नीट लागत नाही. घरात सारखी या खोलीतून त्या खोलीत फिरते. पुढच्या रविवारी परत उभं राहायचं आहे. तब्येतीला जप आणि धाकटेपणाची माया राहू दे.

तुझी,
एफी


वॉल्थम, मॅसॅच्युसेट्स
११ डिसेंबर १९७६

ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले आणि मग इस्पितळाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलताना डोळे पुसत बसले. बाकीच्यांना वाटलं कांदा.

रोरीदादाला माझा निरोप सांग, की तुझ्या तोंडात गेली साठ वर्षं काय काय गेलंय ते आम्हाला ठाऊक आहे, एफीचे हात त्या मानानं फार स्वच्छ आहेत.

एक युक्ती सुचवते. फादरांना म्हणावं, तुम्ही डावीकडे उभे राहा आणि एफीला उजवीकडे करा. लोकांना जागेची सवय असते. पाय आपोआप जातील, आणि डोकं पोचेपर्यंत उशीर झालेला असेल.

मला देवळातलं काय कळतं म्हणशील. खरंय. माझ्या खिडकीखाली इटालियन लोकांचं देऊळ आहे, रविवारी घंटा वाजली की मी रेडिओ मोठा करते. बारा वर्षं झाली. का ते तू विचारत नाहीस, हे तुझे उपकार. पण तू तिथं एकटी उभी आहेस हे डोळ्यांसमोरून हलत नाही. रात्रपाळी नसतानाही रात्रपाळीसारखं वाटतं. पुढं काय झालं ते लगेच कळव.

तुझीच,
सेडी


ये. म. जो.
पोर्ट मोराग
१० जानेवारी १९७७

प्रिय सेडी हिस,
अ. उ. आ.

तुझी युक्ती केली. फादर डावीकडे, मी उजवीकडे. सगळं देऊळ वारा फिरल्यावर गवत फिरतं तसं डावीकडे झुकलं. फादरांना वेदीवर हसू आवरेना, त्यांनी खोकल्याचं सोंग केलं. नाताळातही तेच. सहा रविवार आणि एक नाताळ मी भरला वाडगा घेऊन गेले आणि भरलाच परत ठेवला.

हे सगळं मी सोसलं असतं. कालचं मात्र लिहायलाही हात धजत नाही.

काल डोलिना गिलिस माझ्या रांगेत आली.

तुझा विश्वास बसायचा नाही. ती एकटीच उठली, काठी टेकत मधल्या वाटेनं हळूहळू आली. फादरांच्या रांगेतले लोक माना वळवून बघत होते. सात आठवड्यांत माझ्याकडे आलेलं पहिलं माणूस, आणि ते नेमकं हे. माझ्यापुढे थांबली, डोळे मिटले, तोंड उघडलं.

ह्यूईच्या अंत्यदर्शनाच्या दिवशी मी चहाचे कप आणायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा ही बाई रोरीला सांगत होती, की ह्यूई धक्क्यावरून निघाला तेव्हा त्याच्या तोंडाला रमचा वास येत होता. माझा नवरा बाहेरच्या खोलीत पेटीत निजलेला. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललेले नाही. हॉलमध्ये ती असेल त्या टेबलाला बसत नाही. मिस्सेत शेजाऱ्याचा हात धरून शांती द्यायची वेळ आली तर दुसरीकडे वळते.

भाकर मी उचलली होती. ख्रिस्ताचं शरीर, एवढंच म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही. हात वर जाईना. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि काठी टेकत फादरांच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

सगळ्या गावानं पाहिलं. सात आठवडे मी त्यांना मनातून दोष देत होते, सेडी. आणि खरोखर कुणाला भाकर नाकारली असेल तर ती मी.

फादरांना सांगितलं, मला यातून काढा. ते म्हणाले, ईस्टरपर्यंतची यादी छापून झाली आहे. मी म्हटलं, खोडा. मग म्हणाले की खोडतो, पण पेन्सिलीनं.

तू तरी सांग, बारा वर्षं माझ्या मेलेल्या नवऱ्यावर खोटा आळ घेणारीला मी कशी देणार होते? लवकर लिही.

तुझी,
एफी


वॉल्थम
२४ जानेवारी १९७७

ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. हे पाचवं, आता पेटीत टाकणार.

डोलिना खोटं बोलली नाही.

त्या वर्षी आईच्या आजारपणासाठी मी घरी आले होते, आठवतं ना. मे महिना, शेवंडांचे पिंजरे समुद्रात टाकायचा पहिला दिवस. पहाटे तू आईपाशी होतीस. ह्यूई स्वयंपाकघरात आला, आदल्या दिवसाचीच अजून उतरली नव्हती. मला म्हणाला, सेडी, गारठा फार आहे, डब्यात जरा ऊब भरून दे आणि तुझ्या बहिणीला सांगू नकोस. मी हसले. कपाटातली रम काढली आणि चपट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून त्याच्या डब्यात ठेवली. मी, माझ्या हातांनी. मला वाटलं, मेव्हण्याची गंमत.

दुपारी रोरीदादा आला आणि म्हणाला, पिंजऱ्याची दोरी पायात अडकली, ह्यूई खाली गेला.

शुद्धीत असता तर त्यानं दोरी पाहिली असती की नाही, मला माहीत नाही. बारा वर्षं रोज विचारते. तू डोलिनाला तोडलंस तेव्हा मी शेजारीच उभी होते, आणि गप्प राहिले. त्या रविवारी भाकर घ्यायला उठले, तर पाय उचलेनात. तेव्हापासून कुठल्याच देवळात गेले नाही, आणि घरीही आले नाही. तुला वाटायचं, बॉस्टननं मला बिघडवलं.

आता तुला जे करायचं ते कर. मी काही मागत नाही.

सेडी


वॉल्थम
२७ फेब्रुवारी १९७७

रोरीदादास,
सा. न. वि. वि.

ताईला पत्र टाकून महिना झाला. नंतरही दोन टाकली. उत्तर नाही. ती बरी आहे का? मी टपालवाल्याची वाट बघत फाटकात उभी राहते, लोक हसतात. दोन ओळी तरी लिही. तुला लिहायचा कंटाळा आहे हे माहीत आहे, तरी लिही.

सेडी


पोर्ट मोराग
८ मार्च

सेडी,

एफी जिवंत आहे. जेवते. माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे, पण असली शांतता मला नको.

तिनं मला विचारलं, ह्यूई प्यायला होता हे तुला ठाऊक होतं का? मी हो म्हटलं. कोणाकोणाला ठाऊक होतं, विचारलं. मी म्हटलं, धक्क्यावर होते त्या सगळ्यांना. तेव्हापासून ती रोज बर्फातून धक्क्यापर्यंत जाते आणि परत येते. देवळात जाते, पण मागच्या बाकावर बसते आणि भाकर घ्यायला उठत नाही.

बाटली कुणी भरली ते मला तुझ्या पत्रातूनच कळलं, ते टेबलावर पडलं होतं. तू नसती दिलीस तर त्यानं माझ्याकडून घेतली असती. माझ्या खिशात होतीच. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

इथं बर्फ फार.

रोरी


ये. म. जो.
पोर्ट मोराग
मंगळवार, १२ एप्रिल १९७७

प्रिय सेडी हिस,
अ. उ. आ.

तुझी सगळी पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते टपालात घालण्याजोगं नव्हतं.

मला सगळ्यात काय लागलं सांगू? ह्यूई प्यायला होता हे नाही. ते मला कुठेतरी माहीतच असावं. लागलं ते हे, की दर रविवारी मी ताठ मानेनं बसायचे आणि आजूबाजूचे सगळे जाणून असायचे. माझ्या मागं बसून माझी कीव करत होते, असं वाटायचं. धक्क्यावर जाऊन पाण्याला शिव्या घातल्या. मग ह्यूईला. मग तुला, बराच वेळ.

पवित्र आठवड्याच्या आधीच्या गुरुवारी डोलिनाकडे गेले. दार उघडून ती आधी म्हणाली, बूट काढ, लादी आत्ताच पुसली आहे. मी मोज्यांवर तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि म्हटलं, की तू खरं बोलली होतीस आणि मी तुझ्याशी वाईट वागले, देवळातसुद्धा. ती म्हणाली, ऐकलं, बस. आणि किटली ठेवली.

मग मी विचारलं, त्या दिवशी, प्रेत घरात असताना, ते बोलायची काय गरज होती? तिनं सांगितलं ते ऐक. त्या काळात आपला रोरीही तसाच पीत होता, आणि दुसऱ्या दिवशी बोट काढायची म्हणत होता. डोलिना म्हणाली, मला एका आठवड्यात दोन पेट्या उचललेल्या बघायच्या नव्हत्या, म्हणून त्याला गाठून सुनावलं. तू कप घ्यायला येशील हे मला काय ठाऊक!

सेडी, त्या दिवसापासून रोरीनं थेंबाला शिवलेलं नाही. मी समजत होते की दुःखानं सुटली. बारा वर्षं ज्या भावाला रोज वाढते, तो मला त्या बाईनं राखून दिला.

मी रडायला लागले. डोलिनाला रडणं आवडत नाही, तिनं पुढ्यात पाव सरकवला. शेवटी विचारलं, की मग जानेवारीत माझ्या रांगेत तू का आलीस, समेट करायला? ती म्हणाली, कसला समेट! फादरांची रांग दारापर्यंत गेली होती, माझा गुडघा दुखत होता आणि तुझ्याकडे कुणी नव्हतं. पुढं म्हणाली, सगळ्या गावासमोर मी कॉड माशासारखी तोंड वासून उभी राहिले, ते मात्र मी विसरणार नाही. मी म्हटलं, विसरू नकोस.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. नंतर फादरांनी खिशातून यादी काढली आणि रबरानं रेघ पुसली.

परवा ईस्टर. देऊळ गच्च भरलेलं, बाहेर खाडीत अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. मी डावीकडे उभी राहिले. डोलिना आली. मी म्हटलं, ख्रिस्ताचं शरीर. तिनं आमेन असं ठणकावून म्हटलं की माळ्यावरच्या गायकांनी खाली वाकून पाहिलं. तिच्या मागून तिची सून आली. मग शाळेच्या मास्तरीण बाई. मग कुणीच नाही. तिघीजणी. मला पुरल्या.

रोरी? तो फादरांकडेच गेला. घरी जेवताना म्हणाला, मला घाई करू नका. मी म्हटलं, कुणी केली?

आता तुझं. तुला माफ केलं असं लिहायला पेन उचललं होतं. पण ते अजून खरं नाही, आणि खोटं मी लिहिणार नाही. घरात खोट्यानं आधीच पुरेशी वर्षं खाल्ली आहेत. तू बाटली भरलीस ते एक वेळ मी समजू शकते, तुझं हसणंही. तू गप्प राहिलीस आणि मला एकटीला सोडून निघून गेलीस, ते अजून घशात अडकलं आहे. ते कागदावर निघत नाही. त्यासाठी समोर माणूस लागतं.

तेव्हा जूनमध्ये ये. मागची खोली झाडून ठेवली आहे, पलंगाला नवी गादी घातली आहे. देवळात यायचं की नाही ते तुझं तू बघ, मी ओढणार नाही. आधी आपण दोघी स्वयंपाकघरात दार लावून भांडू. मला बरंच बोलायचं आहे, आणि तुझ्याकडचंही असेल. रोरीला त्या दिवशी समुद्रावर पाठवते.

तिकीट काढलंस की कळव. लोभ आहे, राग आहे, दोन्ही सांभाळून ठेवले आहेत.

तुझी वाट बघणारी,
एफी