कोहिनूरपुढची रिकामी ओळ

भालकी,
१८ मे २०२५, रविवार

प्रिय विजयश्री,

नमस्कार. तू आणि घरची सगळी खुशाल असाल. इकडे उन्हाने जीव काढला आहे, नळाला पाणी तीन दिवसांआड येतं, आणि माझे गुडघे माझ्यासारखेच कुरकुर करू लागले आहेत. बाकी ठीक.

आमची नवी वेबसाईट बघून तू पाठवलेला ई-मेल मिळाला. उत्तर कागदावर देते आहे, कारण वसतिगृहाचा ई-मेल ऑफिसात तिघे जण उघडतात आणि तिघांनाही दुसऱ्याचं वाचायची हौस आहे. तुझा पत्ता मेलच्या तळाशी सापडला. कलबुर्गीत स्वतःचं ऑफिस, हाताखाली दोन मुली, संस्थांच्या वेबसाईट करून देण्याचं काम. वाचून बरं वाटलं.

आता आधी भांडण उरकून घेते. ‘बाई, ही वेबसाईट मुलींच्या वसतिगृहाची वाटत नाही, अध्यक्षांच्या सत्कार समारंभाची वाटते,’ असं तू लिहिलंस. मी दोन दिवस चिडून होते. कॉन्व्हेंटात शिकलेली बाई मी. माझ्या निबंधात चूक काढायला सिस्टरना चष्मा पुसावा लागे. संस्थेचा इतिहास मी नऊशे शब्दांत, निर्दोष इंग्रजीत लिहिला होता. त्यात चूक नाही, हे तूही कबूल केलंस. आणि पुढच्याच ओळीत विचारलंस, ‘पण ठाणाकुशनूरसारख्या खेड्यातली आई हे कशाला वाचेल?’

तिसऱ्या दिवशी मी ती वेबसाईट आई होऊन उघडली. पाच विश्वस्तांचे फेटे घातलेले फोटो. उघडझाप करणारा गुलाब. बासरी. तळाशी, शोधून सापडेल असा, फोन नंबर. आणि ‘प्रवेश सुरू’ खाली, जुन्या पत्रकावरून तसंच उतरलेलं, साल २०१९! त्या आईच्या जागी मी असते तर मुलीला घरीच ठेवलं असतं.

पण माझी बाजूही ऐक. मी वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. जानेवारीत अध्यक्ष बंडोपंत घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, “नलिनीबाई, मुली एकोणीसवर आल्यात. एकतीस मेपर्यंत तीस झाल्या नाहीत तर इमारतीचं मंगल कार्यालय करायचं ठरलंय. आजकाल सगळं ऑनलाइन असतं. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, तेव्हा वेबसाईटचं तुम्ही बघा.” इंग्रजी येणारी बाई बोअरची मोटारही दुरुस्त करेल, असं या माणसाला वाटत असावं. ज्या खोल्यांतून शिक्षिका, नर्सा आणि एक तहसीलदार बाहेर पडली, तिथे आता जिलेबीच्या कढया चढणार, म्हणून मी हो म्हटलं. बिदरच्या एका दुकानात बसून मी सांगितलं आणि त्याने केलं. गुलाब त्याचा, इतिहास माझा.

तुझ्या सूचनांप्रमाणे ते सगळं मोडून एकच पान ठेवलं आहे. सगळ्यात वर फोन नंबर, बोट लावलं की लागणारा. मजकूर मराठीत आणि कानडीत. फेटे काढले, बंडोपंत आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, तेवढीच विश्रांती. फोटो मीच माझ्या फोनवर काढले: न्हाणीघराची आतली कडी, कुंपणाची भिंत, स्वयंपाकघर, पलंगांची रांग. तू सांगितलंस तसे ते हलके करून घेतले, कारण औरादकडच्या खेड्यांत फोनला सिग्नलची एकच काडी असते आणि जड फोटो उघडेपर्यंत आईचं दूध उतू जातं. नकाशावर आपलं वसतिगृह जनावरांच्या बाजारात दाखवत होतं, तेही जागेवर आणलं. दोन पालक म्हणे तिथपर्यंत जाऊन बैल बघून परत गेले होते!

आवाजाचं मात्र वेगळंच झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला एका मिनिटाचा निरोप कर, असं तू सुचवलं होतंस. मी चार वेळा बोलले. ऐकून राजूबाई म्हणाली, “बाई, तुमी पोरी बोलवायलाव का नापास करायलाव?” राजूबाई तुला आठवत असेल, अजून तीच स्वयंपाक करते. मी फोन तिच्या हातात दिला आणि म्हटलं, बोल मग तू. ती बोलली: “मी राजूबाई. हितं भाकरी मी करते. पोरगी पयल्या दिशी रडतीच, रडू द्यावं. मी तिच्या उशाला निजते. चार दिसानं ती घरी यायला न्हाई म्हनती, मग तुमी रडचाल.” यातली भाषा मला सुधारायची होती. हात आवरला. हा निरोप कुठल्या कुठे गेला, कोण जाणे. हैदराबादला वीटभट्टीवर असलेल्या एका बापाने तो ऐकून फोन केला.

फोन मीच उचलते. ‘कोण बोलतंय, नीट बोला’ ही माझी जुनी सवय सोडते आहे. प्रत्येकाला तू सांगितलेला प्रश्न विचारते, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ आणि वहीत लिहिते. छापलेल्या पत्रकांनी दोन मुली आणल्या, राजूबाईने सहा.

तुझ्या मेलमधल्या सातव्या सूचनेचं नंतर बोलते.

तुझी सगळ्यात कामाची सूचना गावांच्या यादीची. मी चाळीस वर्षं या भागात राहिले, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आपल्याकडचा बाप फी विचारत नाही, निकाल विचारत नाही, तो आधी विचारतो, “आमच्या गावची कोण हाय थितं?” एकटी पोरगी कोणी पाठवत नाही. म्हणून गावांची नावं घालायची आणि प्रत्येक गावापुढे तिथून येऊन राहिलेल्या मुलींची. ‘पण त्या मुलीला विचारल्याशिवाय तिचं नाव नाही, फोटो तर नाहीच,’ असं तू खाली रेघ ओढून लिहिलंस. मी जुनं रजिस्टर घेऊन बसले, दहा-बारा वर्षांतल्या एकेकीला फोन केला. त्या आनंदाने हो म्हणाल्या. एक जण फोनवरच रडली, एकीने अजून माझा आवाज ऐकला की उभं राहावंसं वाटतं म्हणून सांगितलं. मन्नाएखेळ्ळीपुढे पाच नावं लागली, ठाणाकुशनूरपुढे सात.

कोहिनूरपुढे काहीच नाही. रजिस्टरची मागची पानं उलटली, तर २०१३ पर्यंत दरवर्षी एक-दोन मुली, आणि मग एकही नाही. मी म्हटलं, काय झालं या गावाला? जवळ शाळा निघाली का?

राजूबाई ताटं पुसत होती. न वळता म्हणाली, “कोहिनूरचं कामून रिकामं हाय, ते तुमाला ठाऊक न्हाई व्हय?”

आता सातवी सूचना. तुझेच शब्द उतरवते: ‘लिहिताना असं धरा, की बापाला वाचता येत नाही आणि हे त्याला चारचौघांत दुसरं कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार आहे. जे त्याच्या मुलीसमोर वाचता येणार नाही, ते लिहू नका.’

इतर संस्थांनाही तू हेच सांगत असशील. पण मला ते वाचल्यावर जेवण गेलं नाही.

मार्च २०१३. दहावीच्या परीक्षेला अकरा दिवस होते. तुझ्या गादीखाली मोबाईल सापडला. कोणाचा, कशासाठी, मी विचारलं नाही. तू काही सांगायला तोंड उघडलंस, तेव्हा ‘उलट उत्तर नको’ म्हणाले. छापील कागदावर तुझ्या अप्पांना पत्र लिहिलं, ‘आपल्या मुलीचे वर्तन संशयास्पद असल्याने तिला कमी करण्यात येत आहे,’ शिक्का मारला आणि तुला त्याच पत्रासह बसमध्ये बसवलं. तुझा प्रवेशअर्ज त्याच फायलीत माझ्यासमोर उघडा होता. त्यावर अप्पांचा अंगठा होता, सही नव्हती. मी तो पाहिला होता. हे पत्र दुसरं कोणीतरी वाचणार, हे मला कळायला हवं होतं. कदाचित कळतही असेल. मी याला शिस्त म्हणत होते.

तुझी परीक्षा बुडाली हे मला महिन्याभराने समजलं. मी पुढे चौकशी केली नाही. तो मोबाईल कशासाठी होता, हे मी आजही विचारत नाही. विचारायची वेळ तेव्हा होती.

गेल्या मंगळवारी मी बसवकल्याणला बस बदलून कोहिनूरला गेले. हणमंतराव, तुझे अप्पा, ओसरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, “या बाई. बारा वर्सानं वाट सापडली म्हना.”

मी बसायच्या आत सांगून टाकलं, की चूक माझी होती, चौकशी न करता लिहिलं. शेजारचे दोघे आले होते. तेही ऐकत होते, त्यांच्यासमोरच बोलले.

अप्पा तंबाखू मळू लागले. मग म्हणाले, “दुकानावर वाचून दाखवले ते पत्र. निम्मं गाव हुतं थितं. पोरगी माझ्या मागंच हुबी हुती. वर्तन म्हंजे काय, ते मी तिलाच इचारलो.”

विजयश्री, हे मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, “काय करू सांगा.”

“मला सांगून काय उपेग? तोंडानं कुनीबी बोलतंय. चूक लिवून केलाव नव्हं? मग कबूल बी लिवूनच करा. तिला.”

शेजारचे म्हणाले, आमच्या दोन पोरी आठवीला आहेत, विजूअक्का काय म्हणते त्यावर ठरवू. तिसरी तुझ्या भावाची पिंकी. ती दाराआडून म्हणाली, “बाई, थितं फोन ठिवू देतेत का?” अप्पांनी डोळे वटारले. मी म्हटलं, रोज संध्याकाळी पाच ते सहा. ती म्हणाली, “कुनासंगबी बोलायला?” मी म्हटलं, कुणाशीही. हा नियम मी तिथेच, त्या क्षणी केला. परत येऊन पाटीवर लिहिला आहे.

रजिस्टरमध्ये तुझ्या नावापुढे लाल शाईत माझा शेरा आहे. तो खोडला नाही. खोडला तर मी तो लिहिलाच नव्हता असं होईल. खाली निळ्या शाईत लिहिलं: ‘वरील शेरा चुकीचा आहे. चौकशी न करता लिहिला.’ सही, तारीख. बंडोपंत म्हणाले, “अहो बाई, संस्थेचं नाव जाईल!” मी म्हटलं, “गेलंच आहे. कोहिनूरला जाऊन विचारा.”

आता खरं ते सांगते, कारण तू हिशेब न कळण्याइतकी भोळी नाहीस. आज मुली सत्तावीस आहेत. कोहिनूरच्या तीन आल्या तर तीस होतात. मग हे पत्र माफीचं, की तीन मुलींचं? परतीच्या बसमध्ये मी स्वतःला हाच प्रश्न विचारत होते. बारा वर्षांत कोणत्याही दिवशी लिहिता आलं असतं. वसतिगृह बुडायला लागल्यावर लिहिते आहे, हे लाजिरवाणं आहे आणि ते तसंच तुझ्यापुढे ठेवते. मुलींना पाठवा असं तू माझ्यासाठी म्हणू नकोस. तुला मनापासून वाटेल तेच गावाला सांग. नाही म्हणालीस तर अजून तेरा दिवस आहेत, फोन रोज वाजतो आहे, आणि राजूबाईने कालच नवा निरोप बोलून ठेवला आहे. मी एवढ्यात हरणारी नाही.

कोहिनूरपुढे एक ओळ लिहून ठेवली आहे: ‘विजयश्री हणमंतराव, २०१०–१३. त्यांना परीक्षेआधी चुकीने घरी पाठवण्यात आले. तो दोष तेव्हाच्या अधीक्षिका नलिनीबाईंचा.’ पानावर ती अजून घातलेली नाही. तू हो म्हणालीस तर माझ्या नावासकट घालेन, बदलून दिलीस तर बदललेली घालेन. तुझं नाव तिथे नको असेल तर ती जागा रिकामी राहील, आणि का रिकामी आहे असं कोणी विचारलं तर मी सांगेन.

हे पत्र तू कुठेही, कोणासमोरही मोठ्याने वाचावंस. ते लक्षात ठेवूनच लिहिलं आहे.

शेवटी आशीर्वाद लिहायची माझी रीत. लेखणी तिथे आली आणि थांबली. तो द्यायचा हक्क मला उरला आहे का, ते तू सांगेपर्यंत नुसतं नाव लिहिते.

नलिनी