संगमापुढचं नाव

३ मे, आखन (जर्मनी)
रेवा! लग्नानंतर मी म्हणे रेवा. मीनलकाकूंनी, म्हणजे शार्दूलच्या आईनं, फोनवर सांगूनच टाकलं. "नद्यांवर पीएचडी करतेस ना, मग नदीचंच नाव!" वर मनापासून हसल्या. दोन आठवड्यांनी लग्नात शार्दूल तांदळाच्या ताटात अंगठीनं हे नाव लिहिणार. काकू चौतीस वर्षं इथे जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये राहताहेत, पण ही प्रथा मात्र जशीच्या तशी!
मी "बरं" म्हणाले. का म्हणाले? स्वतःचाच राग येतोय.

४ मे
शार्दूल : "आल्झो, म्हणजे हे बघ, पासपोर्टवर उर्जाच राहणार. आईची एवढीच हौस आहे गं."
हौस आईची, नाव माझं! कडाकडा भांडलो.

७ मे
दिवसभर इन्स्टिट्यूटमध्ये अमेरिकेतल्या मिसूरी नदीच्या गाळावर काम. डोकं शांत झालं.

११ मे, ब्राउनश्वाइग
साड्या ठरवायला काकूंकडे आले. जेवताना त्यांनी विचारलं, नक्की काय शिकतेस? सांगितलं — मिसूरी मिसिसिपीला मिळते, तिथला गाळ. संगमापर्यंत जास्त लांबून आलेली असते मिसूरी. पण पुढे समुद्रापर्यंत नाव मिसिसिपीचं.
"आणि मिसूरीचं पाणी?"
"असतं ना. गढूळ असतं, त्यामुळे बरंच अंतर वेगळं ओळखू येतं."
काकू आमटी वाढता वाढता थांबल्या. "म्हणजे लांबून आलेलीचंच नाव गेलं."
तेवढ्यात धीर करून बोलले, "काकू, मला रेवा नको. उर्जाच राहू दे." त्या "बघू" म्हणाल्या आणि भात आणायला आत गेल्या. पुढे सगळं साड्यांबद्दलच.

१४ मे
तीन दिवस काकूंचा फोन नाही. एरवी दिवसातून दोनदा! दुखावलं मी त्यांना. वाईट वाटतंय, पण शब्द मागे घेणार नाही.

१७ मे
लग्न झालं. तांदळाचं ताट पुढे आलं, तशी काकूंनी शार्दूलच्या हातातून अंगठी काढून घेतली. "आधी मी." खाली बसून सावकाश लिहिलं — उल्का.
"माझं माहेरचं नाव," म्हणाल्या. शार्दूलला माहीतही नव्हतं!
थोडा वेळ बघत राहिल्या. मग तांदूळ सारखे केले आणि अंगठी माझ्या हातात दिली. "तुझं तू लिही."