दोन काट्यांचा रेग्युलेटर

दादा,

बाबांना माझ्या घरी घेऊन चाललेय. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

तुझं पार्सल आलंय. महिनाभर डोकं खाऊन मागवलेला तो फिशटँकचा रेग्युलेटर, पाण्यातल्या झाडांना कार्बन डायऑक्साइड सोडणारा. दोन काटे काय, टँकचा दिवा विझला की गॅस आपोआप बंद काय! माशांचा जीव गुदमरायला नको ना. बाबांच्या पलंगावर ठेवलाय. पलंग आता रिकामाच आहे.

बाबांच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरलाही एक काटा असतो. सकाळी मी आले तेव्हा तो शून्यावर होता आणि बाबांचे ओठ निळे पडले होते. भरलेलं सिलिंडर पलंगाखालीच होतं, ते मी जोडलं. तू ऑफिसला निघून गेला होतास. टँकवर चिकटवलेल्या कागदावर मात्र आजची नोंद आहे, तुझ्याच अक्षरात: गॅस, सेकंदाला दोन बुडबुडे. डोळ्यांत तेल घालून मोजले असतील तू.

बाबा आता दारात खुर्चीवर बसलेत. सारखा मास्क काढून सांगतायत, माशांना आज कुणी खायला घातलेलं नाही, तेवढं घाल.

मी त्यांना हो म्हटलंय. घातलेलं नाही.