गांडुळांच्या तीन पेट्या आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय एक्क्याऐंशी, कोर्टाबाहेर बसून चाळीस वर्षे लोकांची मृत्युपत्रे टाइप केलेला टंकलेखक, हे पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्या शुद्धीबद्दल चिरंजीवांना शंका आहे. त्यांच्या शुद्धीबद्दल मला ती त्यांच्या जन्मापासून आहे. मी गेल्यावर माझी गांडुळे कोण सांभाळणार, या एका काळजीपायी हा खटाटोप.

कलम १. टाइपरायटर धाकट्या भावास. "चार दिवसांसाठी" म्हणून त्याने तो नेला, त्याला बावीस वर्षे झाली. म्हणून हे हाताने लिहावे लागत आहे. यापुढे त्याने तो उजळ माथ्याने वापरावा.

कलम २. बँकेतील ठेव मुलीस. तिने कधी काही मागितले नाही, त्यामुळे येथे लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. सज्जातील तीन पेट्या, आतील गांडुळे व वरचे ओले गोणपाट. इमारतीचे सेक्रेटरी दर सभेत यांना "किडे" म्हणून नाक मुरडतात आणि कुंड्यांना खत हवे असले की डबा घेऊन माझ्याच दारात उभे राहतात. अकरा वर्षांत या घरातून भाजीचे देठसुद्धा कचरागाडीत गेलेले नाही.

गेल्या वर्षी मी पंधरा दिवस दवाखान्यात होतो. चिरंजीवांनी पेट्यांत उरलेली तेलकट भाजी ओतली. वास सुटला तसे शहाण्याने फिनेल ओतले. मग गळाला लावायची जाडजूड गांडुळे विकत आणून सोडली आणि मला म्हणाले, "बाबा, सगळी मजेत आहेत. उलट अंग धरलंय त्यांनी!" माझी गांडुळे सुतळीएवढी, लालसर. मला काय दिसत नाही? पण आपला तो बाब्या, म्हणून गप्प बसलो. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

कलम ४. सूनबाई. ही आळशी आहे, नाजूक आहे, गांडूळ दिसले तरी किंचाळते, असे जे जे मी चारचौघांत बोललो ते या कलमान्वये रद्द. मी दवाखान्यातून घरी आल्यावर चार दिवसांनी तिने धान्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. ओल्या कागदाच्या कपट्यांत माझी गांडुळे वळवळत होती.

"हे खाली गेले ना फिनेल आणायला, तेवढ्यात काढली जमतील तेवढी. त्यांना सांगू नका, बाबा. वाईट वाटेल."

"हातानं काढलीस?"

"मग काय चिमट्यानं? ओरडत होते, पण काढत होते."

आज पेट्यांत आहेत ती सारी त्या डब्यातली. मला तिची माफी मागायची होती. तोंडाने जमले नाही, म्हणून येथे मागतो.

कलम ५. सबब तिन्ही पेट्या सूनबाईंना. राहते घरही त्यांनाच. चिरंजीवांस घरात तहहयात राहण्याची मुभा आहे. सज्जात पाऊल ठेवण्याची नाही.

ठिकाण: सज्जा, पेट्यांशेजारी.
दिनांक: २ मार्च, पेट्यांवर पाणी शिंपडून झाल्यावर.

सही

साक्षीदार १: आमचे डॉक्टर. शुद्ध तपासली, शाबूत आढळली.
साक्षीदार २: इमारतीचे सेक्रेटरी. नाकाला रुमाल लावून सही केली, जाताना खताचा डबा भरून नेला.