ताईने तारीख दिली नाही

१४ मार्च

ती. आप्पा,

नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. आईचा गुडघा काय म्हणतोय? ताईची तब्येत बरी आहे. जरा रोडावली आहे, आवाज मात्र तोच. चार दिवसांत तिला घेऊन येतो म्हणालो होतो, त्याला दीड महिना होत आला. रागावला असाल. म्हणून सविस्तर लिहितो.

मी पोहोचलो त्या आठवड्यात या दूरच्या किनाऱ्यावरची जमीन सारखी हलत होती. धक्के बारीकच, कपबश्या किणकिणण्याइतके. त्यात कुणीतरी मोबाइलवर उठवलं की येत्या रविवारी महाभूकंप होणार. झालं! निम्मं गाव बोचकी बांधायला लागलं. नगराध्यक्षांनी सभा बोलावली आणि भूकंप मोजायची यंत्रं तीच सांभाळते म्हणून आधी ताईला बाजूला घेतलं. "मॅडम, काही होणार नाही एवढंच सांगा. बाजार बंद पडलाय."

"मलाच माहीत नाही, तर सांगू कसं?" ताई म्हणाली.

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मासळीचा एक बडा व्यापारी उठला. "एवढी यंत्रं लावलीत. तारीख सांगा, नाहीतर यंत्रं उचला!" टाळ्या पडल्या. खरं सांगू? तुम्हीही जेवताना तिला असंच काहीसं म्हणाला होतात, तारीख सांगता येत नसेल तर हे काम कशाला.

ताई शांतपणे म्हणाली, "तारीख माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही." मग तिने एक हात टेबलावर पालथा ठेवला आणि दुसरा त्याच्याखाली सरकवला. "समुद्राचा तळ असा आपल्या जमिनीखाली शिरतोय, नखं वाढतात तितक्या हळू. पण दोन्ही एकमेकांत अडकून बसलेत, आणि ताण साठतोय. तो शेकडो वर्षं साठत राहतो. आमची यंत्रं कालपरवाची. खाडीच्या चिखलात जुन्या भूकंपांनंतर उसळलेल्या लाटांनी आणलेल्या वाळूचे थर सापडतात. दोन थरांत कुठे दोनशे वर्षांचं अंतर, कुठे सहाशे. ठरलेलं वेळापत्रकच नाही. शिवाय अडकलेली जागा समुद्राखाली खोल. तिथला ताण आम्ही लांबून अंदाजाने मोजतो."

"मग हे धक्के?" मागून कुणीतरी विचारलं.

"छोटा भूकंप आणि मोठा भूकंप, सुरुवात दोघांची सारखीच दिसते. एक तिथेच थांबतो, दुसरा फाटत फाटत शेकडो किलोमीटर जातो. कोणता थांबणार, ते आधी ओळखता येत नाही."

शाळेच्या मुख्याध्यापिका उठल्या. "मग आम्ही करायचं काय?"

"कधी ते सांगता येत नाही, पण पाणी कुठवर येईल ते सांगता येतं. शाळेच्या पटांगणात येईल. शाळा टेकडीवर न्या. आणि जमीन बराच वेळ हलली, तर कुणाची वाट न बघता वर पळा."

रविवार आला नि गेला. काही झालं नाही. गाव सोडून गेलेले लोक हसत परतले. मला वाटलं, आता ताईलाही कुणी विचारणार नाही. पण सोमवारी ती शाळेत गेली आणि सगळ्या मुलांना टेकडीवर चढवून आणलं, दमलेल्या एका चिमुरडीला कडेवर घेऊन. तो व्यापारी रस्त्यात उभा राहून बघत होता. पंधरवड्याने त्यानेच टेकडीवरची आपली जागा शाळेला दिली. आप्पा, त्या दिवशी मला ताईचा इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला मी पाठ फिरवली.

मी तिला विचारलं, "भीती नाही वाटत?"

"वाटते ना. आंघोळीला गेले तरी दाराची कडी लावत नाही."

"मग चल घरी."

"अरे, मी सामान बांधलं की गावाला वाटेल, हिला तारीख कळली."



आता गोलगोल पुरे. शाळेचं बांधकाम मी अंगावर घेतलंय. परवा पाया खणला. पाया कसा भरायचा ते तुमच्याच हाताखाली शिकलो, तेव्हा रागावताना तेवढं लक्षात घ्या.

तिला एक फोन करा. ती फोन उशाशी घेऊन झोपते. भूकंपासाठी, असं म्हणते.

शाळेवर छप्पर चढेपर्यंत तुमचं न ऐकणारा,
तुमचाच
धाकटा